अर्धा धडा

पोटॅशियम परमँगनेटचे काळसर जांभळे, चकचकीत स्फटिक बहुतेकांनीं पाहिलेले असतील. इसवी सनाच्या १८९० नंतरच्या दशकांत, पटकीच्या सांथींत, आग्रा येथील सरकारी रसायनपरीक्षक हॅन्किन यांनीं तें विहिरींत घालण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. अशा उपयोगांमुळें लोक त्यास केवळ औषध समजतात. परंतु त्याच्या पोटांत प्राणवायूचा सांठा असतो, आणि जळणारा पदार्थ भेटला कीं तो सांठा खुला होतो.

आम्हीं एकदां वर्गांत त्याच्या चूर्णावर ग्लिसरीनचे चार थेंब टाकून दाखविले. प्रथम कांहींच झालें नाहीं. मग धूर, व मागोमाग ज्वाळा. मुलांनीं टाळ्या वाजविल्या, घंटा झाली, व आम्ही पुढच्या वर्गाकडे वळलों. त्याच आठवड्यांत एका विद्यार्थ्यानें घरीं तोच प्रयोग केला. ज्वाळा दिसेना, म्हणून तो वाकून पाहूं लागला. दैव बलवत्तर म्हणून डोळे वाचले. भुंवया मात्र जळाल्या. वडील त्यासच रागें भरले. आमच्या मतें दोष आमचा होता. ज्वाळा उशिरां येते हें आम्हीं दाखविलें. त्या उशिरांतच धोका आहे, हें सांगितलें नाहीं.

कित्येक पालक म्हणतात कीं, असले पदार्थ शाळेंतून काढूनच टाकावेत. आम्हांस हें पटत नाहीं. शाळेंतून काढलेला पदार्थ दुकानांतून व घरच्या फडताळांतून जात नाहीं. जातें तें त्याविषयींचें ज्ञान.

तेव्हां प्रत्येक घरीं इतकें तरी पाळावें. बाटली कांचेची, घट्ट झांकणाची, नांवाची चिठ्ठी लावलेली व लहान मुलांच्या हाताबाहेर असावी. शेजारीं ग्लिसरीन, साखर, गंधक वा स्पिरिट ठेवूं नये. आम्ल तर नाहींच. तीव्र गंधकाम्लाशीं त्याचें स्फोटक द्रव्य बनतें, व हायड्रोक्लोरिक आम्लाशीं विषारी क्लोरीन वायु सुटतो. डॉक्टरांनीं त्वचेसाठीं सांगितल्यास द्रावण फिकट गुलाबी, साधारण १० लिटर पाण्यांत १ ग्रॅम, असावें. न विरघळलेला स्फटिक कातडी भाजतो. डोळ्यांत गेल्यास निदान १५ मिनिटें वाहत्या पाण्यानें धुवून डॉक्टरांकडे जावें. त्यापासून आग लागल्यास घोंगडी टाकून ती गुदमरत नाहीं, कारण प्राणवायु आंतूनच मिळतो. पुष्कळ पाणी हाच उपाय.

विद्यार्थ्यांनो, प्रयोग अवश्य करा. परंतु शिक्षकांसमोर, व डोळ्यांवर चष्मा लावून. आम्हीही आतां प्रयोगाआधीं धोका सांगतों. टाळ्या थोड्या कमी पडतात, हें खरें. पण धडा पुरा होतो.