चिमटा आणि ‘आई गं!’

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की अभिनय शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. दहा दिवसांत अभिनय! पालकही हौसेने पैसे भरतात. मुलांची भीड चेपते, चार मित्र मिळतात; त्यात वाईट काहीच नाही. पण ‘दहा दिवसांत शास्त्रीय गायन’ अशी जाहिरात आली, तर हेच पालक हसतील. गाण्याला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो, हे आपल्या अंगी मुरलेले आहे. मग अभिनय तेवढा झटपट कसा काय येईल?

न्यूयॉर्कचे नाट्यशिक्षक सॅनफर्ड माइझनर (१९०५-१९९७) यांनी या समजुतीशी जन्मभर झुंज घेतली. १९३१ साली स्थापन झालेल्या ‘ग्रुप थिएटर’चे ते नट. १९३५ पासून ते ‘नेबरहूड प्लेहाउस’ या संस्थेत शिकवू लागले. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा, आणि दुसऱ्या वर्षाला निवडक विद्यार्थ्यांनाच बोलावणे येई. एवढे करूनही, खरा नट व्हायला वीस वर्षे लागतात, असे माइझनर सांगत.

इतकी वर्षे करायचे तरी काय? सुरुवात अगदी साधी. दोघांनी समोरासमोर बसायचे. एकाने दुसऱ्यात जे दिसते ते बोलायचे: ‘‘तुझा शर्ट निळा आहे.’’ दुसऱ्याने म्हणायचे, ‘‘माझा शर्ट निळा आहे.’’ पुन्हा तेच, पुन्हा तेच. पहिल्यांदा हा पोरखेळ वाटतो. पण हळूहळू समोरच्याच्या आवाजातला कंटाळा, राग, दाबलेले हसू कानांवर येऊ लागते आणि आपलाही स्वर आपोआप बदलतो. ‘आता मी कसा दिसतोय’ हा विचार गळून पडतो. माइझनर म्हणत, चिमटा बसल्याशिवाय ‘आई गं’ म्हणायचे नाही; आणि चिमटा जेवढा, ‘आई गं’ही तेवढेच! पुढे प्रसंग येतात, मग भूमिका, मग संहिता. पण पाया एकच. कल्पित परिस्थितीत खरेपणाने जगायचे.

मला या माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सॅनफर्डची तब्येत सुधारावी म्हणून आईवडील लहानपणी त्याला डोंगराळ भागात घेऊन गेले. तिथे न तापवलेले दूध पिऊन धाकटा भाऊ आजारी पडला आणि पुढे दगावला. दोष आला सॅनफर्डवर. ती सल त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. ‘ग्रुप’मधले त्यांचे सहकारी ली स्ट्रासबर्ग नटांना स्वतःची जुनी दुःखे आठवून ती भूमिकेत वापरायला शिकवत. अशी जखम असलेल्या माइझनर यांना ती वाट सहज धरता आली असती. त्यांनी ती नाकारली. स्वतःत बुडू नका, समोरच्याकडे बघा. भावना त्याच्याकडून येईल, असा त्यांचा आग्रह होता.

या आग्रहाची फळे पडद्यावर दिसतात. त्यांचे शिष्य रॉबर्ट ड्युव्हॉल यांचा ‘द गॉडफादर’ (१९७२) मधला वकील आठवा. बहुतेक वेळ तो नुसता ऐकत असतो, पण नजर त्याच्यावरून हलत नाही. पुढे कर्करोगामुळे माइझनर यांचे स्वरयंत्र काढावे लागले. तेव्हा घशात हवा घेऊन, चष्म्याला लावलेल्या मायक्रोफोनवरून ते शिकवत राहिले. ऐकायला शिकवणाऱ्या गुरूला ऐकण्यासाठी शिष्यांना कान टवकारूनच बसावे लागे!

ही एकच पद्धत खरी, असे मी म्हणणार नाही. छंदोबद्ध जुन्या नाटकांना वाणीची वेगळी मेहनत लागते. आपल्या रंगभूमीचा पिंडही निराळा. इथे वाक्य टाकून टाळी घेणे हीसुद्धा एक कलाच आहे. पण ती टाळी घेताना शेजारी उभा असलेला नट विसरला गेला, की नाटक संपते आणि उरते ते पाठांतर.

तेव्हा यंदा मुलांना शिबिराला जरूर पाठवा. फक्त ती घरी आली की ‘‘तुझं वाक्य काय होतं?’’ एवढेच विचारू नका. ‘‘तुझ्यासमोरच्याचं काय होतं, आणि ते ऐकून तुला काय वाटलं?’’ हेही विचारा. उत्तर लगेच येणार नाही. न येवो. ते येण्यासाठीच तर वर्षे द्यायची असतात.