जुने पुस्तक, पाच गुण

२०२४च्या ‘नीट’मध्ये अणूवर एक प्रश्न होता. ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात’ असा त्यातल्या एका विधानाचा भाग. रेडियमची आठवण असलेला कोणीही ते चूक म्हणेल. पण एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात ते तसेच छापलेले होते. परीक्षा यंत्रणेने आधी दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण गेले. मिळालेले चार परत घेतले, वर एक वजा.

वाशीत स्थानकापासून सेक्टर १७ पर्यंत क्लासचे फलक वाचत चालले तर अशा एका गुणाची किंमत कळते. तुर्भे, कोपरखैरणे, खाडीपलीकडून मानखुर्द, सगळीकडून मुले इथे येतात. ज्यांना क्लासचे जाडजूड संच परवडत नाहीत, ती वरच्या वर्गातल्या ताई-दादांकडून पुस्तके घेतात. ही पद्धत चांगलीच आहे. फक्त हाती आलेली प्रत कोणत्या वर्षीची, हे कोणी पाहत नाही.

आणि पाहायलाच हवे. २०२४च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रम कापला गेला. जीवशास्त्रातून वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण, पर्यावरणाचे प्रश्न गेले, पचनसंस्थाही गेली. (भावी डॉक्टरांना आधी पचन नको, असा निर्णय कोणाला कसा पचला, हा वेगळा विषय.) जुन्या पुस्तकावर बसलेला मुलगा यातल्या प्रकरणांवर आठवडे घालवतो. १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण तिथेच. वेळ वाया जातो तोही तिथेच.

दुसरी गल्लत पुस्तकांच्या संख्येची. पालक घाबरून चौथा प्रश्नसंच आणतात, मुलगा आहे तेच पान पाचव्यांदा वाचतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याची परीक्षा घेतली. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. आठवड्यानंतर चित्र उलटे: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुन्हा वाचल्याने ‘येतंय’ असे वाटते, एवढेच. एक पुस्तक आणि कोऱ्या वहीत ते आठवून लिहिणे याला खर्च शून्य. म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात दिसत नाही.

मार्गदर्शनाचा प्रश्न मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांना जास्त बोचतो. अकरावीत विज्ञान इंग्रजीत येते. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण एनसीईआरटीची पुस्तके इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत. परीक्षा आईच्या भाषेत आणि पुस्तक परक्या भाषेत, ही सोय नव्हे, थट्टा आहे. बालभारतीने निदान जीवशास्त्रापुरती मराठी संज्ञांची, त्या-त्या प्रकरणाला जोडलेली यादी काढली तरी पुष्कळ होईल.

कनिष्ठ महाविद्यालयांनी तर उद्यापासून करावे असे काम आहे. ग्रंथालयातल्या प्रत्येक जुन्या प्रतीवर आवृत्तीचे वर्ष आणि वगळलेल्या प्रकरणांची यादी असलेली चिठ्ठी चिकटवावी. नवी आवृत्ती एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. घरी प्रिंटर नसेल त्याला अणूचे ते एक प्रकरण झेरॉक्सच्या दुकानातून काढून घेता येते.