कॉर्डलेस घेताय? लाईट गेल्यावरचा प्रश्न आधी विचारा



सोयाबीन विकून झाले, धान मळणीला आला, की घराघरांत खरेदीचे बेत शिजू लागतात. कुणाला लोखंडी कपाट हवे असते, कुणाला मिक्सर. या यादीत कधीकधी कॉर्डलेस फोनही असतो. मोबाईल खिशात असताना हा आणखी एक फोन कशाला, असे पुष्कळांना वाटते. पण मोबाईल माणसाचा असतो आणि टेलिफोन घराचा. मुलगा बांधीवर गेला की मोबाईल त्याच्यासोबत जातो. घरी म्हातारी आई, सून आणि लेकरे राहतात. जंगलाला लागून असलेल्या गावांत तर घरात शिरले की मोबाईलची रेंज जाते आणि बोलायला अंगणात यावे लागते. राईस मिल किंवा कृषी केंद्र चालवणाऱ्यालाही गिऱ्हाइकाला देण्यासाठी एक कायमचा नंबर लागतो. तेव्हा हा खर्च अगदीच वायफळ नाही. मात्र तो डोळे उघडे ठेवून करावा.

आधी ही वस्तू आहे काय, ते नीट समजून घेऊ. कॉर्डलेसचे दोन भाग असतात. एक भाग जागेवर बसतो, त्याला बेस म्हणतात. टेलिफोनची तार याच बेसमध्ये येते. दुसरा भाग हातात घेऊन फिरायचा, तो हँडसेट. या दोघांच्या मधली तेवढी तार काढून टाकलेली असते आणि तिथे रेडिओच्या लहरी काम करतात. म्हणजे घरात टेलिफोनची लाईन असेल तरच कॉर्डलेसचा उपयोग. ज्या गावात लाईन नाही तिथे कॉर्डलेस नेऊन फोन लागणार नाही. तालुक्याच्या दुकानातून खोका घरी आणल्यावर ही गोष्ट कळणारे लोक आहेत, म्हणून इतके सांगितले.

आता मुख्य प्रश्न. आमचे ऊर्जानगर म्हणजे विजेचेच गाव. १९८३ साली इथला पहिला संच सुरू झाला आणि आज या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. चंद्रपूरहून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची उच्च दाबाची वाहिनी गेली आहे. इतकी वीज जिथून निघते, त्या जिल्ह्यातल्या खेड्यात पावसाळ्यात तारेवर एक झाड पडले की रात्रभर कंदील लावावा लागतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि अशा अंधारातच फोनची खरी गरज पडते. धानाच्या बांधीत किंवा घरात जमिनीवर निजलेल्या माणसाला साप चावतो तो बहुधा पावसाळ्यात, रात्रीच. गोठ्याकडे बिबट येतो तोही रात्री. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाच्या आणि लगतच्या दुर्गापुरात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे गेली, हे या भागात कुणी विसरलेले नाही. तेव्हा फोन घेताना रंग, बटणे आणि घंटीचे सूर नंतर पाहा. लाईट गेल्यावर हा बोलतो का, हे आधी विचारा.

दुकानात हा प्रश्न विचारला की बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते.

"भाऊ, लाईट गेल्यावर चालते का?"

"काहून नाही चालणार जी! हँडसेटमध्ये बॅटरी आहे ना."

हे उत्तर अर्धेच खरे आहे. हँडसेटमध्ये बॅटरी असते, पण बेस चालतो तो भिंतीतल्या प्लगवर. लाईट गेली की बेस मुका होतो. मग हातातल्या हँडसेटची बॅटरी भरलेली असली तरी तो बोलणार कुणाशी? जुन्या तारेच्या फोनला ही अडचण नव्हती. त्याला लागणारी थोडीशी वीज तांब्याच्या तारेतूनच यायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा संच असतो, त्याच्या जोरावर गावभर अंधार असला तरी घंटी वाजायची. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी १२८ लाईनींचे छोटे एक्स्चेंज तयार केले. ते आपल्या उन्हात आणि धुळीत, वातानुकूलनाशिवाय चालावे हा बेत त्यात मुद्दाम राखलेला होता. खेड्याची कदर करून बनवलेल्या वस्तू थोड्या असतात, त्यांतली ही एक.

यावर उपाय काय? तुमच्याकडे अजून तांब्याची लाईन असेल तर सोपे आहे. कॉर्डलेसबरोबर एक साधा तारेचा फोनही त्याच लाईनवर जोडून ठेवा. त्यासाठी दुहेरी सॉकेट मिळते, त्याला फार पैसे पडत नाहीत. जुना फोन घरात असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. कॉर्डलेसच्या काही मॉडेलांत अशीही सोय असते की, लाईट गेल्यावर हँडसेट बेसवर ठेवला की त्याच्याच बॅटरीतून बेसला वीज मिळते. अशा वेळी दोन हँडसेट असतील तर एक बेसवर ठेवून दुसऱ्यावर बोलता येते. एकच असेल तर तो बेसवर तसाच ठेवून स्पीकरवर बोलावे लागते. खोक्यावर ही सोय लिहिलेली असते. दुकानदाराला दाखवायला सांगा, प्लग काढायला लावा आणि डोळ्यांनी पाहूनच घ्या.

पुष्कळ ठिकाणी तांब्याची तार जाऊन फायबर आले आहे. तिथे गणित बदलते. फायबर म्हणजे काचेचा बारीक तंतू. त्यातून उजेड येतो, वीज येत नाही. घरात एक डबा लावलेला असतो आणि फोनची तार त्या डब्यात जाते. हा डबाच प्लगवर चालतो. त्यामुळे तारेचा फोन जोडला तरी लाईट गेल्यावर डबा बंद आणि फोनही बंद. अशा घरी इन्व्हर्टर असेल तर डबा आणि बेस दोन्ही त्यावर घ्या. इन्व्हर्टर नसेल तर डब्यासाठी छोटा बॅटरी-संच मिळतो, दुकानात त्याला मिनी यूपीएस म्हणतात. डब्याच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. तो कागदावर उतरवून न्या आणि त्याला जुळणाराच संच घ्या. आणि जोडणी देणाऱ्याला आणखी एक विचारा, गावात त्याचे जे यंत्र आहे त्याला बॅटरी आहे का? तिथेच अंधार झाला तर तुमच्या घरची बॅटरी काय करणार? चकती फिरवायचा जुना फोन अशा डब्यावर नंबर लावेलच असे नाही, म्हणून तारेचा घ्यायचा तर बटणांचा घ्या.

आता पल्ल्याचे पाहू. खोक्यावर मोकळ्यावर ३०० मीटर आणि घरात ५० मीटर असे आकडे असतात. ते खोटे नसतात, पण ते मोजणाऱ्याच्या घरावर टिनाचे पत्रे नसतात. रेडिओच्या लहरींना लोखंड आणि पत्रा सर्वांत जास्त अडवतो. स्लॅब आणि जाड भिंती त्याखालोखाल. कवेलूचे छप्पर त्या मानाने बरे. तेव्हा बेस घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. लोखंडी कपाटाच्या मागे, टीव्हीच्या किंवा इंटरनेटच्या डब्याच्या अगदी शेजारी ठेवू नका. घेतल्या दिवशीच मुलाच्या मोबाईलवर फोन लावा आणि बोलत बोलत ओसरी, सांदवाडी, गोठा असे फिरून या. जिथे आवाज तुटतो ती जागा घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. फोन बदलून द्यायची मुदत किती दिवस आहे हे दुकानातच विचारून पक्क्या बिलावर लिहून घ्या.

राईस मिलवाल्यांचा विषय थोडा वेगळा आहे. मूल, सिंदेवाही, नागभीडकडे आणि तिकडे देसाईगंजला मिली पुष्कळ. मालक ऑफिसात, हमाल आत, ट्रक बाहेर आणि मधे यंत्राचा आवाज. इथे एकाच बेसवर दोन किंवा तीन हँडसेट चालणारा फोन घ्यावा. आलेला फोन आतल्या माणसाकडे देता येतो, आणि मुख्य म्हणजे हँडसेटवरून हँडसेटवर बोलता येते. त्याला इंटरकॉम म्हणतात. त्याचा पैसा लागत नाही, बाहेरची लाईन बंद असली तरी तो चालतो. बेसला मात्र वीज हवी. हाच इंटरकॉम घरीही फार कामाचा आहे. आजारी सासऱ्यांच्या खाटेजवळ एक हँडसेट आणि स्वयंपाकघरात एक ठेवला, तर सुनेची दिवसभराची धावपळ निम्मी होते. माझ्या मते शेतकऱ्याच्या घरी कॉर्डलेस घेण्याचे याहून मोठे कारण नाही. जोडीचा संच घेताना मात्र दोन्ही हँडसेट एकाच बेसचे आहेत हे पाहा. मिलीत बेस ऑफिसच्या खिडकीशी ठेवा, मधे पत्र्याची भिंत येऊ देऊ नका. कोंडा बटणांत जाऊन बसतो, म्हणून हँडसेट पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरला तरी चालतो. तो चांगला दिसत नाही, पण टिकतो.

बॅटरीबद्दल एक धोक्याची गोष्ट. बहुतेक हँडसेटमध्ये बारीक आकाराचे दोन सेल असतात, निकेल-मेटल हायड्राइडचे, पुन्हा पुन्हा भरता येणारे. वर्षा-दोन वर्षांनी ते थकतात, बोलता बोलता फोन बंद पडतो आणि आपण म्हणतो फोन बिघडला. फोन बिघडलेला नसतो, सेल बदलायचे असतात. त्या जागी टॉर्चचे साधे सेल कधीही घालू नका. ते भरण्यासाठी बनवलेले नसतात. चार्जिंगला लावले की गळतात, प्रसंगी फुटतात. नवीन सेल टाकल्यावर पुस्तिकेत सांगितले असेल तितके तास आधी पूर्ण भरू द्या.

काही फोन फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. परदेशातला भाचा अमेरिकेहून फोन आणून देतो. तिकडचे डेक्ट सहा जातीचे फोन १,९२० ते १,९३० मेगाहर्ट्झवर चालतात. आपल्याकडे १,९२० पासून पुढचा पट्टा मोबाईल कंपन्यांचा आहे. असा फोन लावला की जवळच्या टॉवरच्या कामात अडथळा येतो आणि गावाच्या मोबाईलची रेंज बिघडते. युरोपात चालणारे याच जातीचे फोन १,८८० ते १,९०० वर असतात. खोक्यावर आकडा छापलेला असतो, तो वाचावा. दुसरे, दहा-दहा किलोमीटर चालतो म्हणून विकला जाणारा, छपरावर उंच अँटेना लावायचा फोन. शेतावरून घरी बोलायला तो फार सोयीचा वाटतो. पण अशा ताकदीच्या यंत्राला सरकारी परवाना लागतो. वायरलेसचा कायदा १९३३ चा आणि दूरसंचाराचा नवा कायदा २०२३ चा. बिनपरवाना वायरलेस घरात सापडले तर सोय राहील बाजूला आणि चौकी-कचेरीच्या चकरा सुरू होतील. तिसरा, कुणाच्या माळ्यावरचा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा लांब दांडीचा फोन. त्यावरचे बोलणे शेजारच्या क्वार्टरमध्ये ऐकू जाऊ शकते. मुलीच्या सोयरिकीची बोलणी त्यावर करायची आहेत का, ते तुम्हीच ठरवा.

पावसाळ्यापुरती आणखी एक गोष्ट. वीज कडाडत असताना तारेच्या फोनवर बोलू नये, कारण तारेवर पडलेली वीज कानापर्यंत येऊ शकते. या एका बाबतीत कॉर्डलेस बरा. हँडसेटला तार नसल्यामुळे बेसपासून दूर उभे राहून बोलणाऱ्याला तो धोका नाही. बेस मात्र जळू शकतो. आभाळ भरून आले की त्याचा प्लग आणि टेलिफोनची तार दोन्ही काढून ठेवा, मग वीज कडाडणे थांबेपर्यंत मोबाईलवर भागवा.

ज्यांच्या गावी लाईनच नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी सिमकार्डाचा टेबलफोन असतो. दिसायला तो घरच्या फोनसारखा, आतून मोबाईल. रेंज असलेल्या जागी तो कायमचा ठेवायचा. त्यात बॅटरी असते, त्यामुळे लाईटची चिंता थोडी कमी. घेताना फक्त इतके पाहा की तो टूजीचा आहे की फोरजीचा. जिओकडे टूजी सेवा नाही, म्हणून टूजीच्या फोनमध्ये जिओचे सिम चालत नाही. गावात ज्या कंपनीचा टॉवर आहे तिचे सिम सोबत नेऊन, दुकानातच घालून, एक फोन लावून पाहावा.

कंपनीचे नाव आणि भाव मी मुद्दामच लिहिलेला नाही. भाव सणाला बदलतो आणि कंपनीपेक्षा तुमच्या तालुक्यात दुरुस्ती करून देणारा आहे की नाही हे जास्त महत्त्वाचे. चंद्रपूर किंवा गडचिरोलीपर्यंत जाऊन-येऊन दिवस मोडत असेल तर स्वस्त फोनही महाग पडतो.

फोन लावून झाला की त्याच्या वरच्या भिंतीवर एक कागद ठळक अक्षरांत लिहून चिकटवा. पोलिसांसाठी ११२. रुग्णवाहिकेसाठी १०८. वाघ-बिबट्याची खबर द्यायला वनविभागाचा १९२६. शेतीच्या सल्ल्यासाठी किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. त्याखाली गावातल्या सर्पमित्राचा आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर. आकडे इतके मोठे काढा की आजीला चष्म्याशिवाय, टॉर्चच्या उजेडात वाचता येतील. आणि हा कागद कॉर्डलेसपाशी लावू नका, तारेच्या फोनपाशी लावा. घरी तो नसेल तर मिनी यूपीएस लावलेल्या डब्यापाशी.