प्रयोग कोणाचा, संहिता कोणाची?

मराठीत ‘प्रयोग’ हा शब्द तीन घरी नांदतो : व्याकरणात, रंगभूमीवर आणि प्रयोगशाळेत. संगणकाने ‘विज्ञानाचे प्रयोग’ केल्याची वार्ता कौतुकाने सांगणारे यांपैकी कोणत्या घराविषयी बोलतात, हे त्यांना विचारलेच पाहिजे. शब्दांची झडती घेणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. ते विज्ञानशाखेवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये मांडलेल्या ‘सायन्सवर्ल्ड’चे उदाहरण घेऊ. ही आभासी प्रयोगशाळा संपूर्णपणे वाक्यांची बनलेली आहे. स्वयंपाकघर, कार्यशाळा, हरितगृह अशी तिची दालने. पाणी उकळणे, अनोळखी पदार्थाचा द्रवणबिंदू काढणे, तारा, बॅटरी व दिवा जोडून वस्तूची वाहकता तपासणे, अशी प्राथमिक शाळेच्या पातळीवरची ३० कामे. सॉफ्टवेअर एजंटने ‘शेगडी पेटव’, ‘पाण्याला तापमापी लाव’ अशा अर्थाची आज्ञा लिहायची. उत्तरादाखल त्याला वाक्यच मिळते.

गंमत अशी की, २०१९ मध्येच ‘ॲरिस्टो’ या प्रणालीने आठवीच्या विज्ञान परीक्षेतील आकृत्यांविना असलेल्या बहुपर्यायी प्रश्नांत ९० टक्क्यांहून अधिक गुण मिळवले होते. पण उत्तर ठाऊक असणे आणि शेगडीपर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. सायन्सवर्ल्डमध्ये स्वतः वावरून शिकलेल्या १५ लाख प्राचलांच्या एजंटाने, तज्ज्ञांच्या नमुन्यांवर पढवलेल्या ११०० कोटी प्राचलांच्या प्रारूपाला मागे टाकले. घोकंपट्टीवर पोसलेल्या आपल्या परीक्षापद्धतीला ही सणसणीत चपराक आहे, आणि ‘यंत्र नुसते शब्द खेळवते’ म्हणून नाक मुरडणाऱ्या साहित्यिकांनीही ती लक्षात घ्यावी.

तरीही याला प्रयोग म्हणण्यास माझा विरोध आहे. त्या जगातील प्रत्येक निष्कर्ष कर्त्याने आधीच लिहून ठेवलेला आहे. तिथला पदार्थ कर्त्याला चकित करू शकत नाही. १९६४ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनात एक खरखर ऐकू येऊ लागली. त्यांनी कबुतरांची विष्ठा खरवडून काढली, तरी ती थांबेना. ती विश्वाच्या आरंभाची खूण होती. तिच्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल मिळाले. ती खरखर त्यांच्या संहितेत नव्हती. संहितेबाहेरचे काही कानावर पडण्याची शक्यता जिथे उरत नाही, तिथे सराव होतो, शोध लागत नाही.

‘वैमानिकही आभासी विमानातच शिकतो’, असा आक्षेप येईल. मान्य, पण तो पुढे खऱ्या आकाशात जातो, आणि सरावाला कोणी उड्डाण म्हणत नाही. सायन्सवर्ल्डच्या कर्त्यांनीही ती कसोटी म्हणूनच मांडली. तिला विज्ञान ठरवण्याचा उत्साह इतरांचा.

हा उत्साह आपल्याला नवा नाही. अपेक्षित उत्तरावरून मागे येत निरीक्षणांचे आकडे भरलेल्या प्रात्यक्षिक-वह्या आपल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे तपासल्या जातात. यंत्राच्या आगमनापूर्वीच आपण प्रयोगाची संहिता करून टाकली होती. आता आभासी प्रयोगशाळा स्वस्त पडते म्हणून खरी परीक्षानळी कपाटात गेली, तर दोष एजंटाचा नसेल.

नाटकाची संहिता ठरलेली असते. तरी प्रवेश चुकतो, दिवा जातो, एखाद्या रात्री प्रेक्षक भलत्याच वाक्याला हसतो. म्हणूनच तो प्रयोग. वाक्यांच्या या प्रयोगशाळेला तेवढाही धोका पत्करता येत नाही. तिला ‘तालीम’ म्हणावे. शब्द चांगला आहे, आणि खराही.