लय पळते कुठे?

गॅदरिंग जवळ आलं की हॉस्टेलमध्ये ड्रमर उगवतात. मेसचं ताट, बादली, रूम पार्टनरची पाठ, काहीही चालतं. हातांचा स्पीड बघून ज्युनिअर गार होतात. पण माझं स्पष्ट मत आहे, यातल्या बहुतेकांना चार मिनिटं एक साधा ठेका धरता येत नाही. गाणं १२० च्या लयीत सुरू होतं, फिल आला की हात सुटतात आणि शेवटी गायक बिचारा मागून धावत असतो. पब्लिक नाचायचं थांबतं ते उगाच नाही.

आणि हे कुठे, तर नाशिकमध्ये! ज्या गावाच्या नावाने ढोल ओळखला जातो, तिथे आपण ग्रूव्ह शिकायला नेटवर व्हिडिओ शोधतो. त्यापेक्षा गणपतीच्या आधी एखाद्या पथकाच्या सरावाला जाऊन नुसतं उभं राहा. ढोलवाल्याच्या एका हाताची थापी, दुसऱ्या हातात टिपरू. वाजवायचं फार थोडं, पण तेच तासन् तास, त्याच वजनाने. करामती ताशाने कराव्यात, ढोलाने जमीन धरायची. बँडमध्ये बास ड्रमचं काम वेगळं काय असतं?

आता थोडं इंजिनिअरिंग. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पथकाचं पुढचं टोक मागच्यापासून ३४ मीटरवर असेल तर ताशा मागे पोचायला ०.१ सेकंद लागतो. १२० च्या लयीत एक मात्रा ०.५ सेकंदाची, म्हणजे मात्रेचा पाचवा हिस्सा गेला! नुसतं कानावर विसंबलं तर मागची रांग मागेच पडणार. म्हणून समोरच्याच्या हाताकडे बघायचं आणि लय अंगात ठेवायची. आपले ड्रमर मात्र मान खाली घालून स्वतःच्याच काड्या बघत बसतात.

तबलेवाल्यांना हे कधीच कळलंय. उस्ताद अहमदजान थिरकवांसारखा सोलो गाजवणारा माणूस बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला बसत होता. ठेका धरणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही, मग आपण कोण टिकोजीराव?

करून बघायचं असेल तर मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याची टिकटिक १२० च्या लयीतल्या फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतेय असं धरून वाजवा. पहिली आणि तिसरी तुमची तुम्ही सांभाळायची. दहा मिनिटं, फिल एकही नाही. सोबत तोंडाने मात्रा मोजा. रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी सगळं छानच वाटतं.

रेक्टर सरांना एकच विनंती. कॉमन रूम संध्याकाळी ७ ते ८ प्रॅक्टिसला द्या. हळू वाजवायला शिकतोय सर, आवाजही कमीच होईल!