समुद्राचें देणें

ज्या भूभागाच्या चोहों बाजूंस पाणी असतें त्यास बेट म्हणतात, ही व्याख्या आमचे विद्यार्थी खालच्या इयत्तांतच पाठ करितात. तीवरून बेटाचा किनारा म्हणजे ईश्वरानें एकदांच आंखून दिलेली रेघ होय, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. परंतु मुंबईचा इतिहास पाहतां ही रेघ मनुष्यानें वारंवार पुसून नवी ओढिली असें दिसून येतें.

इ. स. १६६८ त ईस्ट इंडिया कंपनीच्या हातीं आली ती मुंबई एक नसून सात बेटें होतीं : कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी व माहीम. वरळी व महालक्ष्मी यांमधील खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरे व सखल भाग बुडून जाई. १७८४ च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबी यांच्या पुढाकारानें तेथें बांध पडला. १८३८ त कुलाब्याचा व १८४५ त माहीम-वांद्र्याचा रस्ता झाला. टेकड्या फोडून खाड्या बुजविल्या गेल्या. उमरखाडी, पायधुणी हीं नांवें तेवढीं जुन्या पाण्याची साक्ष देत राहिलीं.

ह्या कामास आम्ही सरसकट दोष देत नाहीं. त्याच भूमीवर आज असंख्य कुटुंबांची उपजीविका चालते. आमचा आक्षेप लोभास व घाईस आहे. १८६५ त अमेरिकेंतील यादवी युद्ध संपतांच कापसाचे भाव कोसळले आणि बॅकबे भरून काढण्यास निघालेली कंपनी बुडाली. १९२० नंतर सरकारनें तें काम हातीं घेतलें, तेव्हां खुर्शेद नरीमन यांनीं त्यांतील उधळपट्टी चव्हाट्यावर आणिली. पुढें समुद्र हटवूनच मिळविलेल्या भूमीस त्यांचें नांव मिळालें, हा दैवाचा विनोदच!

बुडालेला पैसा विसरला जातो. पाणी मात्र आपली वाट विसरत नाहीं. तिवरें लाटांचा जोर मोडितात व गाळ धरून ठेवितात. दलदल पावसाचें पाणी पोटांत घेते. मिठी नदीच्या कांठीं मात्र दलदल बुजली, भराव पडले व पात्र आक्रसलें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळीं समुद्रास भरती आली. एवढ्या पावसानें कोणत्याही नगराची त्रेधा उडाली असती हें खरें; परंतु पाण्यास जाण्यास जागा असती तर हानि खास कमी झाली असती. शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. वाळूवर घर बांधणाऱ्याचा प्रभूचा दाखला आम्ही मुलांस शिकवितों. येथें तर पाण्याच्या वाटेंतच घरें उठलीं.

अलीकडे, २०२४ त, मुंबईचा नवा किनारी मार्ग खुला झाला. तो बांधला जात असतां, पुलाच्या खांबांमधील अंतर ६० मीटरच राहिल्यास आपल्या होड्यांस धोका आहे, असें वरळीच्या कोळीबांधवांनीं निक्षून सांगितलें. पुष्कळ झगड्यानंतर तें अंतर १२० मीटर करण्याचें ठरलें. जें ऐकून घेण्यास झगडा करावा लागला, तें आरंभींच विचारतां आलें नसतें काय?

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं उद्यां अभियंते व अधिकारी होतील. किनाऱ्याच्या नकाशावर रेघ ओढण्यापूर्वीं त्यांनीं दोन प्रश्न अवश्य विचारावे : येथील पाणी कोठें जाईल? आणि येथें कोणाची वाट अडेल? पालकांनींही घर घेतांना पहिला प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये. समुद्राचें देणें आम्ही फेडिलें नाहीं, तर तें आमच्या मुलांस फेडावें लागेल.