शब्दबोध : ‘गिव्ह अप’

मराठीत त्याग वेगळा आणि हार वेगळी. इंग्रजीत ‘गिव्ह अप’ हे एकच क्रियापद दोन्हींचा भार वाहते. अर्थ उमगतो तो पुढील शब्दांवरून. ‘ही गेव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. येथे ‘टू स्मोक’ चालत नाही. सर्वनाम मध्ये बसते : ‘गिव्ह इट अप’. ‘शी गेव्ह अप हर सीट’ म्हणजे तिने आपली जागा दुसऱ्यास दिली. कर्म नसल्यास बहुधा हार मानणे : ‘डोन्ट गिव्ह अप!’ पुढे ‘ऑन’ आणि व्यक्ती आली, की तिच्याविषयीची आशा सोडणे. नापास मुलाविषयी शिक्षक ‘आय हॅव नॉट गिव्हन अप ऑन हिम’ म्हणतात, तेव्हा तो पालकांना दिलासा असतो. ‘नॉट’ ऐकायचे राहिले, तर तोच निराशेचा निरोप ठरतो.